बारा तुकड्यांची सेना : सोलापुरातून डीबीएचे परीक्षण

सेना उभी करायची तर मिनिएचर, म्हणजे सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती, किती घ्यायची, हा प्रश्न पटावरच्या युद्धखेळात नव्याने उतरणारा प्रत्येक जण विचारतो, आणि बहुतेक खेळ त्याचे सरळ उत्तर देत नाहीत. काही खेळ प्रत्येक सैनिकाला ताकदीनुसार पॉइंट देऊन त्यांच्या बेरजेची मर्यादा सांगतात. काही सुरुवातीचा संच म्हणून एक खोका पुढे करतात आणि त्याच्या मागे आणखी खोके मांडून ठेवतात. इंग्लंडच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’, म्हणजे खेळणाऱ्यांच्या तोंडी रुळलेला डीबीए, मात्र या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देतो : प्रत्येक बाजूला बारा तुकड्या. फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या या नियमांची तिसरी आवृत्ती २०१४ मध्ये आली, आणि सोलापुरात आम्ही काही मित्र तीच खेळतो. सैनिक किती जमवावेत, या एकाच अंगाने मी येथे या खेळाचे परीक्षण करणार आहे. कारण खेळाडू मोजके असलेल्या आमच्यासारख्या शहरात खेळ टिकतो की कपाटात जाऊन बसतो, हे माझ्या मते त्या आकड्यावरच ठरते.

डीबीएमध्ये सुटा सैनिक मोजला जात नाही. एका आयताकृती पट्टीवर चिकटवलेले काही सैनिक मिळून एक तुकडी होते, आणि ती तुकडी अखंड चालते, अखंड लढते, अखंड गारद होते. १५ मिलिमीटर मापाच्या सैनिकांसाठी पट्टीची रुंदी ४० मिलिमीटर आणि २५ किंवा २८ मिलिमीटरच्या सैनिकांसाठी ६० मिलिमीटर असते. दाट रांगेत लढणाऱ्या भालाईतांच्या पट्टीवर चार जण, घोडदळाच्या पट्टीवर तीन स्वार, हलक्या घोडदळाच्या पट्टीवर दोन, गोफणवाल्यांसारख्या विखरून लढणाऱ्या पायदळाच्या पट्टीवर दोन, आणि हत्ती असेल तर एकटा हत्ती, असा हिशेब आहे. त्यामुळे कोणतीही सेना पैसे खर्च करण्याआधी कागदावर मोजता येते. मंगोलांची सेना जवळजवळ सगळी स्वारांची, म्हणून ती तीसेक घोडेस्वारांत उभी राहते. ग्रीक भालाईतांची सेना चाळिशीपर्यंत किंवा थोडी पुढे जाते. भरतीच्या जमावाची पट्टी दाट असते, तसे अपवाद सोडले तर वरची मर्यादा बारा चोक अठ्ठेचाळीस. याहून मोठी सेना नेहमीच्या डावात कोणालाही लागत नाही, समोरच्यालाही नाही.

बारा या आकड्यामागे नियमांची पक्की रचना आहे, आणि ती समजली की संख्येचा मोह आपोआप कमी होतो. आपली पाळी आली की एकच सहापाखी फासा टाकायचा. जितके पडेल तितक्या तुकड्या किंवा तितके गट हलवता येतात. एकमेकींना चिकटून एकाच दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या तुकड्या एक गट धरल्या जातात, म्हणून सुरुवातीला सात-आठ तुकड्यांची अख्खी फळी एका आकड्यात पुढे सरकते. मग लढाई जुंपते, फळी तुटते, एक तुकडी मागे ढकलली जाते, दुसरी पुढे निघून जाते, आणि जे काम एका आकड्यात होत होते त्याला आता चार आकडे लागतात. फाशाची सरासरी साडेतीन आहे. तीन-चार गटांत विभागलेल्या बारा तुकड्यांना ती जेमतेम पुरते, आणि या ‘जेमतेम’ मध्येच सेनापतीपणाची सगळी कसोटी आहे. याच फाशावर चोवीस तुकड्या चालवू गेलो तर अर्धी सेना डाव संपेपर्यंत जागची हलणार नाही, म्हणजे ते जादा सैनिक रंगवून आणले काय आणि घरी ठेवले काय, सारखेच.

लढतीचा नियमही तितकाच आटोपशीर आहे. दोन्ही खेळाडू फासा टाकतात, त्यात तुकडीचा गुणांक आणि परिस्थितीनुसार अधिक-उणे मिळवतात. ज्याची बेरीज कमी येते त्याची तुकडी बहुधा मागे हटते, आणि बेरीज समोरच्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी असेल तर बहुधा पटावरून उचलली जाते. एखाद्याच्या चार तुकड्या गेल्या आणि त्याचे नुकसान समोरच्याहून अधिक असले की डाव संपतो. चार म्हणजे एक तृतीयांश सेना. त्यामुळे पहिली तुकडी गेली तरी जाणवते आणि तिसरी गेल्यावर प्रत्येक चाल दहादा विचार करून केली जाते. साधारण तासाभरात निकाल लागतो. कामावरून आल्यावर, जेवणाआधी एक डाव होऊ शकेल असे युद्धखेळ फार नाहीत.

तुलनेसाठी सर्वांना ठाऊक असलेला खेळ घ्यावा लागेल. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ १९८७ पासून चालू आहे आणि त्याची प्लॅस्टिकची मिनिएचर कारागिरीत फार वरच्या दर्जाची आहेत, याबद्दल दुमत होऊ नये. तिथे प्रचलित माप २,००० पॉइंटांचे आहे. पण २,००० पॉइंट म्हणजे किती सैनिक, हे कोणता पक्ष निवडला त्यावर अवलंबून असते : इंपीरियल नाइट्स घेतले तर मोजकी महाकाय यंत्रे पुरतात, कस्टोडीज घेतले तर काही डझन योद्धे लागतात, आणि ऑर्कांची झुंड घेतली तर शंभराच्या पुढे जावे लागते. शिवाय कंपनी पॉइंटांचे तक्ते वेळोवेळी बदलते, त्यामुळे काल बरोबर बसलेली सेना उद्या मर्यादेच्या वर जाते किंवा खाली राहते, आणि खाली राहिली की भर घालण्यासाठी नवा खोका येतो. या मापाचा पट ४४ इंच गुणिले ६० इंच लागतो आणि डावाला तीन तास सहज जातात. त्याच कंपनीचा ‘किल टीम’ मला संख्येच्या दृष्टीने अधिक पटतो, कारण तिथे बहुधा एका खोक्यात एक संघ होतो आणि २२ गुणिले ३० इंचांचा पट पुरतो. ‘कॉम्बॅट पट्रोल’ ही एका खोक्याची एक सेना ही कल्पनाही चांगली आहे. तरीही या दोन्हींत समोरच्या माणसाने स्वतःचा खोका विकत घेतलेला, जोडलेला आणि शक्यतो रंगवलेला असावा अशी अपेक्षा असते, आणि आमच्या गावात घोडे अडते ते तिथेच.

सोलापुरात नव्या माणसाला या छंदाकडे वळवायचे तर त्याला आधी पैसे खर्च करायला सांगून चालत नाही. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडवरच्या एखाद्या घरी बोलावून, चहा पाजून, तयार सेना त्याच्यापुढे ठेवावी लागते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, येथे एका माणसाने एक मोठी सेना जमवण्याऐवजी एकमेकींच्या विरोधातल्या दोन छोट्या सेना जमवाव्यात. डीबीएमध्ये दोन्ही सेना मिळूनही शंभर सैनिक होत नाहीत. पुस्तकात तीनशेहून अधिक सेनांच्या याद्या आहेत आणि प्रत्येक यादीसोबत तिचे इतिहासातले शत्रू दिले आहेत, त्यामुळे जोडी निवडण्यासाठी वेगळा अभ्यास करावा लागत नाही. पाहुणा रिकाम्या हाताने येतो, हवी ती बाजू निवडतो आणि तासाभराने बाजू बदलून पुन्हा खेळतो.

पहिली जोडी म्हणून मी अलेक्झांडर आणि पोरस सुचवीन. इसवी सनपूर्व ३२६ मधली झेलमकाठची ही लढाई शाळेत सर्वांनी वाचलेली असते, आणि पटावरही या दोन सेनांचा स्वभाव पूर्णपणे निराळा आहे. मॅसिडोनियाच्या बाजूला सारिसा नावाचे लांबलचक भाले घेतलेले पायदळ आहे. त्याच्या तुकड्या एकीमागे एक उभ्या केल्या की मागच्या तुकडीचा आधार मिळून पुढची फार बळकट होते, पण त्यामुळे फळी आखूड होते आणि बाजू उघड्या पडतात. भारतीय बाजूला हत्ती, रथ, घोडदळ आणि धनुर्धारी आहेत. हत्ती समोरून येऊ लागला की खेळाडूचा हात आपोआप दाट फळीकडे जातो; परंतु विखुरलेल्या हलक्या पायदळाकडून हत्ती हरला तर तो मागे हटत नाही, थेट नष्ट होतो. दोनच सैनिकांची ती हलकी पट्टी, दुकानात कोणी ढुंकूनही पाहणार नाही अशी, डावाचे पारडे फिरवू शकते. संख्या कमी ठेवल्यावर प्रत्येक पट्टीला असे स्वतःचे काम मिळते.

आता या बारा तुकड्यांच्या आकड्यातली गोम सांगणे आवश्यक आहे. अनेक याद्यांत पर्याय दिलेले असतात : अमुक दोन तुकड्या घोडदळाच्या किंवा रथांच्या, तमुक एक तुकडी भालाईतांची किंवा धनुर्धाऱ्यांची. सर्व पर्याय हाताशी हवेत असे ठरवले की बाराच्या पंधरा-सोळा पट्ट्या होतात, आणि एकाच पूर्वजापासून निघालेल्या दोन-तीन सेना एकाच साठ्यातून उभ्या करू म्हटले तर विसाच्या पुढेही जातात. पुस्तक वाचत बसलेला उत्साही माणूस येथेच वाहवत जातो. माझा सल्ला असा की, पहिल्या वर्षी यादीतली एकच निवड पक्की करावी आणि बाराच पट्ट्या पूर्ण कराव्यात. डाव खेळल्यावर ज्या पर्यायाची उणीव खरोखर भासेल तेवढाच नंतर वाढवावा. शिवाय तिसऱ्या आवृत्तीत सेनेसोबत छावणीही लागते, पण ती घरच्या घरी पुठ्ठ्याचे तंबू आणि चार काड्या यांतून उत्तम होते. तिच्यासाठी संच विकत घेऊ नये.

पटाची बाब सोलापूरकरांना सोपी आहे. १५ मिलिमीटर मापासाठी दोन फूट चौरस पट पुरतो, म्हणजे प्लायवूडच्या दुकानातून आठ बाय चार फुटांचा एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा) एक तक्ता आणला तर त्यातून आठ पट निघतात. २,००० पॉइंटांच्या त्या दुसऱ्या खेळाचा एकच पट त्याच शीटचा मोठा भाग खाऊन टाकतो. जमिनीसाठी आम्ही बाजारात मिळणारी कृत्रिम गवताची चटई वापरत नाही. आमच्यातल्या एकाचा टॉवेलचा कारखाना आहे, आणि त्याने आणलेले टेरी टॉवेलचे तुकडे पाहिल्यावर दुसरे काही नजरेत भरत नाही. अट एवढीच की लूप आखूड हवेत. जाड, दाट लुपांच्या टॉवेलवर ४० मिलिमीटरची पट्टी एका कडेला कलते, पुढची आणि मागची पट्टी नीट भिडत नाही, आणि मोजमापाचा वाद सुरू होतो. पातळ विणीचा, दोनदा धुऊन बसलेला टॉवेल पटावर ताणून पिनांनी मागे टाचला की पट्ट्या सपाट उभ्या राहतात आणि दुरून ते खरोखर वाळल्या गवताचे माळरान दिसते. हिरवा घेण्यापेक्षा खाकी घ्यावा. आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने माळ त्याच रंगाचा असतो.

रंगकामाचा वेग हा संख्येचा खरा लगाम आहे, आणि येथे सोलापूरचे हवामान आपला हिस्सा मागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो, आणि दुपारी गच्चीवर स्प्रेने प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारला तर त्याचे थेंब सैनिकापर्यंत पोहोचण्याआधी वाळून पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि त्या कागदावर रंग, अशी ओली पॅलेट केली तर काही प्रमाणात निभावते. प्रायमर सकाळी सातच्या आत, सावलीत, आणि बाटली नेहमीपेक्षा जवळ धरून मारावा. तरीही उन्हाळ्यात कामाचा वेग निम्मा होतो, हे गृहीत धरूनच सेनेचा आकार ठरवावा. १५ मिलिमीटरच्या चार सैनिकांची एक पट्टी सवयीच्या हाताला एका संध्याकाळी जमते. म्हणजे पावसाळ्यात सुरू केलेल्या दोन सेना सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत सावकाश पूर्ण होतात. शंभराहून अधिक सैनिकांची एकच सेना त्याच काळात अर्धवट, करड्या प्रायमरात उभी राहिलेली मी पाहिली आहे, आणि करड्या सैनिकांकडे पाहून नव्या माणसाला खेळावेसे वाटत नाही.

खरेदीचेही थोडे बोलले पाहिजे. परदेशातून मागवलेल्या मिनिएचरचा खर्च वाढण्याचे एक कारण सरळ आहे : खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के करण्यात आले. पार्सल त्या वर्गात धरले गेले तर शंभर सैनिकांची हौस फार महाग पडते, चाळीस सैनिकांची झेपते. परवान्यासह फाइल विकत घेऊन रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेणे हा दुसरा मार्ग आहे आणि १५ मिलिमीटर मापात तो चांगला जमतो. मात्र या मापात भाल्याची काडी इतकी बारीक येते की छपाईसाठी लावलेल्या आधाराच्या काड्या तोडतानाच ती मोडते. आमच्याकडे आलेल्या एका प्रिंटच्या पार्सलमध्ये निम्मे सारिसा वाकलेले आणि काही मोडलेले होते, आणि छापून देणाऱ्याने ते बदलून दिले नाहीत. वाकलेले भाले गरम पाण्यात काही क्षण धरून सरळ केले आणि लगेच थंड पाण्यात बुडवले की तसेच राहतात. मोडलेल्यांच्या जागी झाडूची ताठ, बारीक काडी किंवा पितळी तार बसवावी. १/७२ मापाचे मऊ प्लॅस्टिकचे सैनिक सर्वांत स्वस्त पडतात, पण ते साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय रंगवले तर रंगाचे पापुद्रे निघतात.

या खेळाचे दोष मला लपवायचे नाहीत. पहिला दोष भाषेचा. बार्कर यांची वाक्ये इतकी दाट आहेत की एका वाक्यात तीन अटी आणि दोन अपवाद असतात. तिसऱ्या आवृत्तीत आकृत्या दिल्यामुळे बरेच सुसह्य झाले असले तरी नवख्याने हे पुस्तक एकट्याने वाचून खेळ शिकेल अशी अपेक्षा करू नये. कोणीतरी शेजारी बसून पहिले दोन डाव चालवून दाखवले पाहिजेत. दुसरा दोष फाशाचा : लागोपाठ दोन-तीन वेळा एकच पडला तर उत्तम आखलेली चाल डोळ्यांसमोर वाया जाते, आणि तासाभराच्या डावात ती भरून काढायला पाळ्या उरत नाहीत.

तिसरी उणीव आपल्या मनाला अधिक लागणारी आहे. डीबीएच्या याद्या इसवी सनपूर्व ३००० पासून साधारण इसवी सन १५०० पर्यंतच आहेत. म्हणजे शिवकाल त्यात नाही, १५६५ ची तालिकोट नाही, आणि ज्या भुईकोट किल्ल्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही वर्षानुवर्षे झगडल्या, तो आपल्या डोळ्यांसमोरचा सोलापूरचा संघर्षही नाही. दिवाळीत किल्ला करून त्यावर मावळे मांडत मोठे झालेल्या माणसाला पहिली इच्छा होते ती मावळ्यांचीच, आणि या पुस्तकात ते त्याला सापडत नाहीत. आम्ही बारा तुकड्यांचा सांगाडा तसाच ठेवून दख्खनी सेनांच्या घरगुती याद्या केल्या आहेत; तोफा आणि बंदूकधारी यांचे गुणांक ठरवताना वाद होतात, पण सैनिकांची संख्या तीच राहते, आणि पट्ट्यांची मापे ठरलेली असल्यामुळे उद्या त्या काळासाठी दुसरे नियम घेतले तरी केलेले काम वाया जाण्याची भीती कमी आहे. अधिकृत आणि तयार मराठा सेना हवी असणाऱ्याने मात्र डीबीए घेऊ नये.

देखणेपणाचा आक्षेप काही जण घेतात, की चार सैनिकांची पट्टी हजारो लोकांची फौज वाटत नाही. २८ मिलिमीटरच्या मोठ्या फळ्या ज्यांना पाहायच्या आहेत त्यांच्यासाठी तो आक्षेप खरा आहे. त्यावर या नियमांतच एक उपाय आहे : मोठ्या लढाईच्या प्रकारात प्रत्येक बाजूला छत्तीस तुकड्या असतात, पण त्या तीन विभागांत वाटलेल्या असतात आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र सेनापती आणि स्वतंत्र फासा मिळतो. छत्तीस तुकड्या एकट्याने जमवण्याची गरज नाही. तीन मित्रांनी एकाच काळातल्या, एकमेकींना जोडून घेता येतील अशा बारा-बारा तुकड्या केल्या की एका रविवारी त्या एकत्र मांडता येतात आणि डाव संपला की ज्याची त्याने आपापल्या डब्यात भरून नेता येतात. आमच्याकडे दोघांच्या मॅसिडोनियन सेना तयार आहेत; तिसऱ्याने भाल्यांची फळी न करता हलके घोडदळ आणि गोफणवाले घ्यावेत असे ठरले आहे, कारण ते दोन सैनिकांच्या पट्ट्यांत बसतात, लवकर रंगतात, आणि पोरसाच्या हत्तींपुढे तेच कमी पडत आहेत.